शस्त्राचा हक्क कोणाचा?

अमेरिकेच्या १७९१ सालच्या घटनादुरुस्तींत शस्त्र बाळगण्याचा हक्क आहे; परंतु हक्क लिहिला जाणें निराळें, लाभणें निराळें. १९५६ सालीं माँटगमरी येथें कृष्णवर्णीयांचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बाँब पडला; त्यांनीं पिस्तुलाचा परवाना मागितला, तो मिळाला नाहीं. १९६७ सालीं ब्लॅक पँथर पक्षाचे कृष्णवर्णीय तरुण बंदुका घेऊन पोलिसांवर नजर ठेवूं लागले, तेव्हां कॅलिफोर्नियानें भरलेली बंदूक रस्त्यांत बाळगण्यास बंदी केली. २०१० सालीं मात्र ओटिस मॅकडोनल्ड या वृद्ध कृष्णवर्णीयानें शिकागोविरुद्ध सर्वोच्च न्यायालयांत लढून घरांत पिस्तूल ठेवण्याचा हक्क मिळविला. शस्त्र तारक कीं मारक, हा वाद खुशाल चालो. पण भय ज्याला अधिक त्यालाच परवाना दुर्लभ, हा न्याय नव्हे.