दंगलीविषयी आपण जे धरून चालतो

दंगलीच्या बातमीत एक वाक्य ठरलेले असते: किरकोळ कारणावरून दोन गट समोरासमोर आले. मिरवणुकीवर दगड पडला, गाडीचा धक्का लागला, भोंग्यावरून बाचाबाची झाली. वाचणाऱ्याच्या मनात आपोआप एक चित्र उभे राहते. वर्षानुवर्षांचा राग साठलेला होता, ठिणगी पडली, भडका उडाला. या चित्रात कुणीच काही केलेले नसते, सगळे फक्त घडलेले असते. म्हणून जबाबदारही कुणी नसतो. मेलेल्यांच्या नावाने पंचनामा होतो, बाकीचे हळहळतात आणि पुढच्या सणाला पुन्हा बंदोबस्त लागतो.

राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी गेल्या पंचवीस-तीस वर्षांत हे चित्र नीट तपासले आहे. त्यातला बराचसा भाग टिकलेला नाही. हे निष्कर्ष सामान्य वाचकापर्यंत पोचायला हवेत असे मला मनापासून वाटते, कारण चुकीच्या समजुतीचा पहिला परिणाम असा होतो की टाळता येण्याजोगी गोष्ट आपण अटळ मानून बसतो.

सुरुवात मोजणीपासून करू. आशुतोष वार्ष्णेय आणि स्टीव्हन विल्किन्सन या दोन अभ्यासकांनी १९५० ते १९९५ या काळातल्या हिंदू-मुस्लिम दंगलींची नोंद तयार केली. त्यासाठी ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या मुंबई आवृत्तीचे त्या सगळ्या वर्षांचे अंक दिवसामागून दिवस वाचून काढले. गाव कोणते, तारीख काय, निमित्त काय, मेले किती, जखमी किती हे टिपत गेले. वर्तमानपत्राच्या नजरेतून बारीकसारीक घटना सुटतात, ही या पद्धतीची मर्यादा आहेच. पण जिथे माणसे मेली अशा मोठ्या घटनांचा नकाशा त्यातून पहिल्यांदा हाती आला.

‘हा देशच मुळात असा आहे’

नकाशा पाहिल्यावर पहिली समजूत कोसळते. दंगलीतले जवळपास ४६ टक्के मृत्यू फक्त आठ शहरांत झाले होते: अहमदाबाद, मुंबई, अलीगढ, हैदराबाद, मेरठ, बडोदा, कोलकाता आणि दिल्ली. या आठ शहरांत देशाच्या नागरी लोकसंख्येपैकी १८ टक्क्यांच्या आसपास माणसे राहत होती. देशाची बहुसंख्य जनता खेड्यांत होती, पण खेड्यांतल्या मृत्यूंचा वाटा ४ टक्क्यांहूनही कमी होता. पुढे २००२ मध्ये गुजरातेत आणि २०१३ मध्ये मुझफ्फरनगर भागात हिंसा गावागावांत शिरली. त्यामुळे ‘खेडी सुरक्षित असतात’ असे आज डोळे झाकून म्हणता येणार नाही. तरी मूळ प्रश्न उरतोच. वैर जर हजार वर्षांचे आणि सगळीकडचे असेल, तर दंगली त्याच त्या शहरांत का होत राहतात? जी गोष्ट सगळीकडे सारखी आहे, तिने शहराशहरांतला फरक समजत नाही.

गरिबी आणि अडाणीपणाचे कारणही असेच लटके पडते. मुंबई आणि अहमदाबाद ही या यादीतली सर्वांत रक्तलांछित शहरे. उद्योगधंद्यांची, पैशाची, शाळा-कॉलेजांची ही शहरे. देशातल्या कितीतरी गरीब जिल्ह्यांत या साऱ्या वर्षांत एकही दंगल झालेली नाही.

‘ठिणगी पडली की भडका उडणारच’

या समजुतीविरुद्धचा सर्वांत मोठा पुरावा आपल्या मुंबईतच आहे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींत, त्यांची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीनुसार, ९०० माणसे मेली. जखमा ओल्या असताना, १२ मार्च १९९३ रोजी, साखळी बाँबस्फोटांत २५७ माणसांचा बळी गेला. याहून मोठी ठिणगी कोणती? पण त्या रात्री मुंबई पेटली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. काही दिवसांपूर्वीच मुख्यमंत्री झालेल्या शरद पवारांनी त्या संध्याकाळी प्रत्यक्षात न झालेला एक स्फोट मुस्लिम वस्तीच्या मशीद बंदर भागात झाल्याचे जाहीर केले. स्फोट एकाच समाजाला लक्ष्य करून झाले असे लोकांना वाटू नये म्हणून हे मुद्दाम केले, असे त्यांनी पुढे स्वतःच सांगितले. राज्यकर्त्याने खोटे बोलावे की नाही, यावर वाद घाला. पण सरकारला दंगल होऊ द्यायची नव्हती आणि ती झाली नाही, ही वस्तुस्थिती आहे.

निमित्त आणि दंगल यांच्यामध्ये काय असते, हे पॉल ब्रास या अमेरिकी अभ्यासकाने अनेक वर्षे अलीगढला जाऊन-येऊन शोधले. त्याचे म्हणणे असे की वारंवार दंगली होणाऱ्या शहरात दंगलीची एक यंत्रणाच उभी असते. अफवा पेरणारे वेगळे, माणसे गोळा करणारे वेगळे, दगड-रॉकेल पुरवणारे वेगळे, आणि नंतर झाल्या प्रकाराचा सोयीस्कर अर्थ लावणारेही वेगळे. बातमीतले ते ‘किरकोळ कारणावरून’ बहुतेकदा या शेवटच्या मंडळींच्या कामी येते.

इथे दुसऱ्या टोकालाही जाऊ नये. सगळे काही आधी ठरवूनच होते असेही नाही. श्रीकृष्ण आयोगाने डिसेंबरचा टप्पा आणि जानेवारीचा टप्पा वेगळा पाहिला. बाबरी मशीद पाडल्याच्या बातमीने संतापलेले मुस्लिम जमाव डिसेंबरात रस्त्यावर उतरले, ते नेत्याविना आणि उत्स्फूर्तपणे, असे आयोगाने म्हटले. जानेवारीत मात्र शिवसेनेने आणि शिवसैनिकांनी मुस्लिमांवरचे हल्ले संघटितपणे केले, दुकानांच्या आणि मतदारांच्या याद्या हाती घेऊन केले, असा निष्कर्ष काढला. संताप उत्स्फूर्त असू शकतो. मतदारयादी आपल्या पायांनी चालत हातात येत नाही.

‘शेजारी गुण्यागोविंदाने राहत होते, बाहेरच्यांनी केले’

हा समज सर्वांत गोड आहे, म्हणून त्यावर जरा थांबायला हवे. वार्ष्णेय यांनी जोडीने शहरे निवडली. एक दंगलीचे, एक शांततेचे, आणि दोन्हींत मुस्लिम लोकसंख्येचे प्रमाण जवळजवळ सारखे. अलीगढ आणि केरळातले कालिकत ही त्यातली पहिली जोडी. कालिकतमध्ये ८३ टक्के लोक म्हणाले की दुसऱ्या धर्माच्या माणसांसोबत आमचे जेवणखाण होत असते. अलीगढमध्ये हे प्रमाण ५४ टक्के होते. आमची मुले एकत्र खेळतात असे कालिकतमध्ये ९० टक्के कुटुंबांनी सांगितले, अलीगढमध्ये ४२ टक्क्यांनी.

आता अलीगढचे आकडे पुन्हा पाहा. निम्म्याहून जास्त लोक एकमेकांकडे जेवत होते, आणि तरी शहर पेटत राहिले. शेजारधर्म हवाच, पण मोठ्या शहरात तो एकटा पुरत नाही, हे वार्ष्णेय यांच्या अभ्यासाचे सार आहे. गावात सगळे सगळ्यांना ओळखतात, त्यामुळे अफवा चावडीवरच मरते. लाखांच्या शहरात माझा शेजारी मला वाचवील, पण तीन गल्ल्यांपलीकडून येणाऱ्या जमावाला तो ओळखत नाही. तिथे उपयोगी पडतात त्या दोन्ही समाजांची माणसे असलेल्या संघटना: व्यापारी मंडळ, कामगार संघटना, वाचनालय, डॉक्टर-वकिलांच्या संस्था, राजकीय पक्ष. त्यांच्याकडे निरोप पोचवायला माणसे असतात आणि शांतता राखण्यात त्यांचा स्वार्थही असतो.

१९९० मध्ये अलीगढच्या मुस्लिम विद्यापीठाच्या रुग्णालयात हिंदू रुग्णांना मारले जात आहे, अशी धादांत खोटी बातमी तिथल्या हिंदी वर्तमानपत्रांनी छापली. खोटेपणा पुढे उघड झाला, प्रेस कौन्सिलने ताशेरेही ओढले, पण तोवर माणसे मेली होती. कालिकतमध्येही त्या काळात अफवा उठत होत्या. तिथे वर्तमानपत्रे आणि सगळ्या पक्षांचे पुढारी त्या खोडून काढायला पुढे आले.

‘पोलीस कमी पडले’

विल्किन्सन यांचा मुद्दा याहून कठोर आहे. भारतातले कोणतेही राज्य सरकार, कितीही दुबळे असले तरी, मनात आणले तर दंगल थांबवू शकते, असे ते म्हणतात. थांबवायची की नाही, हे निवडणुकीच्या गणितावर ठरते. सत्तेवर राहायला अल्पसंख्याकांची मते लागत असतील, किंवा पुढेमागे त्यांच्या पक्षाशी युती करावी लागणार असेल, तर पोलिसांना स्पष्ट आदेश जातात. बिहारचे उदाहरण घ्या. १९८९ मध्ये भागलपुरात शेकड्यांनी माणसे मेली. पुढच्याच वर्षी लालूप्रसाद यादवांचे सरकार आले. पोलीस तेच, साधने तीच, राज्य तितकेच गरीब. ऑक्टोबर १९९० मध्ये अयोध्येकडे रथयात्रा घेऊन निघालेल्या अडवाणींना समस्तीपुरात अटक झाली तेव्हा आणि डिसेंबर १९९२ मध्येही बिहार तुलनेने शांत राहिला.

मुंबईचा एक आकडा इथे ठेवतो. श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीतल्या त्या ९०० पैकी ३५६ माणसे पोलिसांच्या गोळीबारात मेली, ३४७ भोसकून मारली गेली. पोलीस नव्हते असे नाही. ते कुठे होते आणि त्यांना काय सांगितले होते, हा प्रश्न आहे.

भिवंडी

मग विणलेले नातेसंबंध नसतील आणि सरकारचा भरवसा नसेल, तर शहराने काय करायचे? या प्रश्नाला मुंबईजवळच्या भिवंडीने दिलेले उत्तर अभ्यासकांनी मुद्दाम नोंदवले आहे.

भिवंडीत धंद्याची गुंतागुंत आधीपासून होती. सुताचा व्यापारी एका धर्माचा, यंत्रमागाचा मालक दुसऱ्या धर्माचा, मागावरचा कामगार तिसऱ्याच प्रांतातला. तरीही १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या दिवशी शहर पेटले. न्यायमूर्ती मादन आयोगाने त्याची चौकशी केली आणि आधीच्या काळात तापत गेलेले वातावरण उघड केले. १९८४ मध्ये पुन्हा आग लागली. भिवंडीपासून मुंबईपर्यंत दोनशेहून अधिक माणसे गेली. धंदा एकमेकांत अडकलेला असला की दंगल होत नाही, या समजाचे उत्तर या दोन तारखांत आहे.

१९८८ मध्ये सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आले. त्यांनी मोहल्ला कमिट्या सुरू केल्या. अशा शांतता समित्या प्रत्येक पोलीस ठाण्यात असतात, पण त्यांत तेच ते पुढारी आणि प्रतिष्ठित बसतात. दंगल झाली की बैठक, फोटो, चहा. खोपड्यांनी शहराचे मोहल्ल्यांत भाग पाडले आणि प्रत्येक भागाची कमिटी हिंदू-मुस्लिम अशी मिळून केली. पुढाऱ्यांना लांब ठेवले आणि साध्या माणसांना घेतले: मागवाले, दुकानदार, शिक्षक. प्रत्येक कमिटीमागे त्या भागाच्या पोलिसाला उभे केले. बैठका तणाव नसतानाही होत. विषय असायचे नळाचे भांडण, दारूचा अड्डा, भाडेकरूची तक्रार. नळावरून ज्यांनी एकत्र बसून तोडगा काढलेला आहे, ती माणसे अफवा आली की एकमेकांना थेट विचारतात. आणि पोलिसाला वस्तीत कोण काय करतो हे दंगलीआधी माहीत असते.

डिसेंबर १९९२ आला. चाळीस-पन्नास किलोमीटरवर मुंबई जळत होती. तोवर खोपड्यांच्या जागी दुसरे अधिकारी आले होते, पण कमिट्या जागेवर होत्या आणि रात्री वस्त्यांतून फिरत होत्या. भिवंडीत दंगल झाली नाही.

वार्ष्णेय यांच्यावर एक आक्षेप घेतला जातो. शहर शांत असते म्हणून तिथे मिश्र संघटना टिकतात, संघटनांमुळे शांतता येते हे कशावरून? आक्षेप वजनदार आहे. पण भिवंडीत क्रम उलटा होता. दोन भीषण दंगली आधी झाल्या, कमिट्या नंतर आल्या, आणि शांतता त्यांच्यानंतर. एका शहरावरून सिद्धांत मांडता येत नाही, एवढी सावधगिरी ठेवूनही हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. मुंबईतही १९९४ पासून ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे आणि तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी यांनी हेच काम हाती घेतले.

जुलै २००६ मध्ये भिवंडीत पोलीस ठाण्याच्या जागेवरून जमाव आणि पोलीस भिडले. गोळीबारात दोघे मेले, त्यानंतर दोन पोलिसांना जमावाने ठार मारले. काही दिवसांतच, ११ जुलैला, मुंबईच्या लोकलमध्ये स्फोट झाले. सप्टेंबरात मालेगावात कब्रस्तानाजवळ बाँब फुटले. तीन महिन्यांत तीन मोठी निमित्ते मिळाली. त्यांपैकी एकाचेही हिंदू-मुस्लिम दंगलीत रूपांतर झाले नाही.