एका दिवसात महेश्वर

महेश्वरला एका दिवसात जाऊन यायचं असेल तर आखणी शेवटापासून करावी. आमच्या हाउसने या डिसेंबरमध्ये ती तशी केली. आखणीची वही माझ्याकडे होती, म्हणून मराठी पानासाठी हा लेख माझ्या वाट्याला आला.

शेवटापासून म्हणजे रात्रीच्या रोल कॉलपासून. तो साडेसातला. शाळेच्या गेटपासून महेश्वर आमच्या बसच्या मीटरवर ७८ किलोमीटर भरतं. आग्रा-मुंबई हायवेने मानपूर, मग घाट, खाली उतरल्यावर धामनोद आणि तिथून डावीकडे वळायचं. कागदावर दीड तास दिसतो. पण येताना तोच घाट चढायचा असतो आणि पुढे कापसाचे किंवा सिमेंटचे चार ट्रक लागले की सगळा हिशेब चुकतो. म्हणून प्रवासाला सव्वादोन तास धरले आणि वर एक तास घाटासाठी राखून ठेवला. म्हणजे महेश्वर सव्वाचारला सोडायचं. सकाळी सव्वासहाला निघालो तर साडेआठला पोहोचतो. गावात मिळाले पावणेआठ तास. त्यातून जेवण, बाथरूम आणि ३२ जणांनी बूट काढून परत घालण्याचा वेळ वजा करा. हातात सहा तास उरतात. बूट काढण्याचा वेळ मागच्या वर्षी कोणी धरलाच नव्हता.

मागच्या वर्षाचं सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. तेव्हा आम्ही साडेअकराला पोहोचलो आणि आधी किल्ला बघितला. भर दुपारी दमलेले, तहानलेले घाटावर उतरलो तेव्हा सगळे एकदम पाण्याकडे धावले. सातवीतला एक कॅडेट माझा बडी होता. मी त्याला सोडून पुढे गेलो, कारण मला नावेत पुढची जागा हवी होती. घाटाच्या शेवटच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं. त्याचा पाय घसरला, डोकं पायरीवर आपटलं आणि तो छातीपर्यंत पाण्यात गेला. उस्तादांनी त्याला कॉलर धरून वर ओढला. चार टाके पडले. सहल तिथेच संपली आणि वर्षभर कोणालाही सहलीची परवानगी मिळाली नाही. या वर्षी परवानगी मिळाली ती एका अटीवर. आधी लेखी आखणी दाखवायची, आणि ती मी करायची. शिक्षा म्हणून का, हे सरांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

आता महेश्वर नीट समजून घेऊ. नर्मदा इथे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते. गाव आणि किल्ला उत्तर काठावर आहेत, म्हणजे घाटाचं तोंड दक्षिणेला. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे घाटाच्या पायऱ्या सकाळपासून ऊन खातात. दुपारी एक वाजता त्या दगडावर अनवाणी उभं राहून बघा! देवळाजवळ चपला काढाव्याच लागतात. म्हणून घाट आणि नाव सगळ्यात आधी. तेव्हा दगड थंड असतो, गर्दी नसते आणि मुलं ताजी असतात. दुपार सावलीतल्या कामांना द्यायची. हे एवढं उलटं केलं तरी अर्धी सहल सुधारते.

पाण्याचं आणखी एक. वरच्या बाजूला ओंकारेश्वर आणि इंदिरासागर ही धरणं आहेत. तिथून पाणी सोडलं की खालची पातळी बदलते. काल कोरडी असलेली पायरी आज ओली असू शकते. म्हणून वहीत आम्ही 'तिसरी पायरी' असं काही लिहिलं नाही. 'शेवटच्या कोरड्या पायरीच्या वर दोन पायऱ्या सोडून उभं राहायचं', असं लिहिलं. ही ओळ उस्तादांची आहे. नावेसाठी आदल्या आठवड्यात फोन करून विचारलं होतं की लाइफ जॅकेटं किती आहेत. नावाड्याने १८ सांगितली. म्हणून १६-१६ च्या दोन फेऱ्या, प्रत्येक फेरीबरोबर एक मोठं माणूस. नाव नदीच्या मधोमध असलेल्या बाणेश्वराच्या छोट्या देवळाला वळसा घालून येते. पाण्यातून किल्ल्याची भिंत पूर्ण दिसते, ती काठावरून कधीच तशी दिसत नाही. एक गट नावेत असताना दुसरा वर ओवरीत बसून चित्रं काढत होता. कोणी रिकामा बसता कामा नये, कारण रिकामा कॅडेट पाण्याकडे जातो.

नावेतून पलीकडच्या काठावर नावडातोडी दिसतं. १९५० च्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे उत्खनन केलं आणि साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या ताम्रपाषाण काळातली वस्ती उजेडात आणली. रंगवलेली मातीची भांडी सापडली, धान्याचे जळके दाणे सापडले. आमच्यापैकी निम्म्यांना फक्त 'पॅडमॅन'चं शूटिंग कुठे झालं तेवढंच बघायचं होतं. त्यांनाही हे सांगितल्यावर ते थोडा वेळ गप्प बसले.

घाटावरून वर चढलं की दोन वास्तू समोरासमोर आहेत. अहिल्येश्वराचं देऊळ आणि विठोजी होळकरांची छत्री. लोक देवळाचे फोटो काढतात आणि छत्रीला पाठ करून उभे राहतात. कॅडेटने तसं करू नये. विठोजी हे यशवंतराव होळकरांचे भाऊ. दुसऱ्या बाजीरावाच्या हुकमाने १८०१ मध्ये पुण्यात त्यांना हत्तीच्या पायाखाली देऊन मारलं. पुढच्याच वर्षी यशवंतरावांनी पुण्यावर चाल केली आणि हडपसरला पेशवे आणि शिंदे यांच्या एकत्र फौजेचा पराभव केला. बाजीराव वसईला पळाला आणि डिसेंबर १८०२ मध्ये त्याने इंग्रजांशी तह केला. इतिहासाच्या पेपरात वसईच्या तहाला दोन गुण असतात. इथे तो तह कुठून सुरू झाला ते दिसतं.

राजवाडा त्याच्या वर. नावाने फसू नका, कारण हा राजवाडा म्हणजे लाकडी खांबांचा एक मोठा वाडा आहे. नवरा खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात पडले, सासरे मल्हारराव १७६६ मध्ये वारले, मुलगा मालेराव १७६७ मध्ये गेला. त्यानंतर १७९५ पर्यंत अहिल्याबाईंनी राज्य चालवलं. फौज तुकोजी होळकरांकडे आणि कारभार स्वतःकडे. त्यांची गादी अजून दाखवतात. जमिनीवर साधी बैठक आहे, एवढंच. चौंडीची मुलगी इतक्या लांब नर्मदेकाठी येऊन अशा बैठकीवरून काशी आणि सोमनाथपर्यंत देवळं बांधून घेत होती. राजवाड्याला अर्धा तास पुरतो.

मात्र विणकरांना दोन तास द्या. आमच्या वहीतला हाच भाग मला सगळ्यात बरोबर वाटतो आणि यासाठीच भांडावं लागलं. काही जणांना त्याऐवजी सहस्रधारेला जायचं होतं. तिथे खडकांमुळे नदीचे असंख्य प्रवाह होतात, आणि खेलो इंडियाच्या कॅनो स्लालमच्या शर्यतीही तिथेच झाल्या. जागा छान आहे, पण ती गावापासून लांब आणि पुन्हा पाण्याजवळ. मी ती काढून टाकली.

अहिल्याबाईंनी बाहेरून विणकर आणून इथे वसवले, असं महेश्वरमध्ये सगळे सांगतात. पुढे हा धंदा बसत आला. १९७० च्या दशकाच्या अखेरीला रिचर्ड आणि सॅली होळकर यांनी रेहवा सोसायटी सुरू केली आणि गावातल्या बायकांना मागावर बसवलं. आज गल्लीतल्या घराघरातून खटखट ऐकू येते. आम्ही आठ-आठचे गट केले, कारण मागाच्या खोलीत त्यापेक्षा जास्त माणसं उभी राहिली तर विणणाऱ्या बाईंचा उजेड अडतो. कुठे जायचं, त्या दिवशी सुट्टी आहे का, हे आधी फोन करून ठरवा. फोटो काढण्याआधी विचारा.

महेश्वरी साडीत साधारणपणे ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा असतो. ताणा म्हणजे मागावर आधीच ताणून बसवलेले उभे धागे. बाणा म्हणजे धोट्यातून आडवा जाणारा धागा. रेशमामुळे चमक येते, सुतामुळे साडी हलकी राहते आणि निमाडच्या उन्हात नेसता येते. पायाखालची फळी दाबली की ताण्याचे काही धागे वर उचलले जातात, मधून वाट होते, दोरी ओढली की धोटा त्या वाटेने पलीकडे जातो आणि फणी पुढे आपटून धागा घट्ट बसवला जातो. कोणते धागे वर जाणार यावर नक्षी ठरते. काठासाठी मागाच्या वर एक वेगळी यंत्रणा असते, तिला डॉबी म्हणतात. ती काठाचे धागे ठरलेल्या क्रमाने उचलते.

आणि नक्षी कुठली? चटई, हिरा, विटा, चमेलीचं फूल. यातली बरीच किल्ल्याच्या आणि देवळांच्या दगडातून घेतलेली आहे. आमच्या गटाने सकाळी ओवरीत बसून भिंतीवरचे जे आकार वहीत काढले होते, तेच दुपारी साडीच्या काठावर दिसले. हे आधी ठरवलं होतं, पण मुलांना सांगितलं नव्हतं. आठवीतल्या एकाने वही उघडून काठाशेजारी धरली तेव्हा मागावरच्या बाई हसल्या. म्हणाल्या, तुझी वीट वाकडी आलीय. पदरावर पाच पट्टे असतात, तीन रंगीत आणि त्यांच्यामध्ये दोन पांढरे. काठ दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, म्हणून साडी उलटी-सुलटी कशीही नेसता येते.

माझे आजोबा इचलकरंजीत यंत्रमाग चालवायचे. एक माणूस चार माग सांभाळतो, आवाजात बोललेलं ऐकू येत नाही. इथे धागा तुटला की बाई थांबतात, तुटलेलं टोक शोधतात, गाठ मारतात आणि परत सुरू करतात. आम्ही उभे होतो त्या अर्ध्या तासात कापड चार बोटं वाढलं असेल. साध्या साडीला किती दिवस लागतात विचारलं, तर चार-पाच म्हणाल्या. (मातांना विनंती, मुलाबरोबर साडीचे पैसे पाठवू नका. एकीने पाठवले होते आणि 'मोरपंखी' म्हणजे कोणता रंग यावर आमचे वीस मिनिटं मतभेद झाले.)

आता बडीबद्दल. तो आता आठवीत आहे. या सहलीला त्याच्या घरून संमतीपत्र आलं नाही. रविवारच्या फोनच्या वेळी मी सरांना विचारून त्याच्या आईशी बोललो. त्या नाशिकच्या. मी म्हटलं, काकू, मागच्या वर्षी चूक माझी होती, मी पुढे गेलो होतो. त्यांनी आखणी ऐकून घेतली. जॅकेटं, दोन फेऱ्या, कोरडी पायरी, सगळं. मग म्हणाल्या, "ते सगळं ठीक आहे बाळा. घाटावर तू कुठे उभा असशील?"

याचं उत्तर माझ्या वहीत नव्हतं. त्या रात्री प्रत्येक जोडीपुढे लिहिलं की मोठा कॅडेट खालच्या पायरीवर, पाण्याच्या बाजूला, लहान कॅडेट वरच्या पायरीवर. दुसऱ्या रविवारी त्यांना हेच सांगितलं. संमतीपत्र बुधवारी आलं.

घाटावर तो पहिल्यांदा पायरीवरच बसला आणि नावेत येत नाही म्हणाला. मी म्हटलं, नको येऊस, दुसऱ्या फेरीत बघू. दुसऱ्या फेरीच्या वेळी स्वतःच उठला आणि म्हणाला, "सर, जॅकेटचा पट्टा लावून द्या." पट्टा सगळ्यात घट्ट केला तरी जॅकेट त्याच्या खांद्यावरून वर सरकत होतं, म्हणून कमरेला माझा स्कार्फ बांधला.

चार वाजून पाच मिनिटांनी बसजवळ मोजणी झाली, ३२ आणि दोन. घाटात ट्रक लागलेच. सात वाजून पाच मिनिटांनी गेटमध्ये शिरलो.

वही हाउस ऑफिसच्या कपाटात ठेवली आहे, नावाड्याचा आणि विणकरांचा फोन शेवटच्या पानावर आहे. पुढच्या वर्षी जो कोणी आखणी करेल त्याने लहान मापाची दहा जॅकेटं शाळेतून बरोबर न्यावीत. तिथे लहान माप नाही.