कारची रिमोट चावी बंद पडली? आधी सेल तपासा

नंदुरबारहून तोरणमाळला गेलात आणि कारची रिमोट चावी चालेना, तर घाबरू नका. बहुतेक वेळा आतला बटण सेल संपलेला असतो. पुश स्टार्ट गाडीच्या रिमोटमध्ये सहसा धातूची छोटी चावी असते. तिने दार उघडा. ब्रेक दाबून रिमोट स्टार्ट बटणाला टेकवा. काही गाड्यांत ही जागा वेगळी असते, मॅन्युअल पाहा. ओळख पटवणाऱ्या चिपला सेल लागत नाही. जवळून गाडीच तिला ऊर्जा देते.

नवा सेल जुन्यावरचा क्रमांक पाहूनच घ्या. अनेक रिमोटमध्ये ३ व्होल्टचा सीआर २०३२ असतो. तरीही चालेना, तर सर्व्हिस सेंटर गाठा.

जुना सेल मुलांपासून दूर ठेवा. गिळल्यास २ तासांत अन्ननलिका भाजू शकते. लगेच रुग्णालयात न्या.