एकट्याने रेल्वेप्रवास : जर्मनीत आणि आपल्याकडे



पेडणे-डिचोलीतील मुले शिक्षणासाठी पूर्वी म्हापसा, पणजी, फार तर पुण्यापर्यंत जात. आता जर्मनीचे नावही मुलांच्या बोलण्यात येते. तेथील बहुतेक सरकारी विद्यापीठे शिक्षणशुल्क घेत नाहीत, हे त्याचे एक मोठे कारण. परंतु पालकांचा पहिला प्रश्न फीचा नसतो. "आमची मुलगी परक्या मुलखात एकटी कशी फिरणार?" हा असतो. त्याचे उत्तर पुष्कळसे तेथील रेल्वेत आहे, म्हणून त्याविषयी थोडी माहिती देत आहोत.

जर्मनीत पहिली आगगाडी ७ डिसेंबर १८३५ रोजी न्यूरेंबर्ग ते फ्युर्थ अशी धावली. आपली बोरीबंदर ते ठाणे १६ एप्रिल १८५३ रोजी. आज तेथे मुख्यतः दोन प्रकारच्या गाड्या आहेत. मोठी शहरे जोडणाऱ्या वेगवान गाड्यांना आय.सी.ई. म्हणतात. त्यांचे तिकीट आधी काढले तर स्वस्त पडते. दुसऱ्या प्रादेशिक गाड्या. त्या सावकाश, गावोगाव थांबत जातात. मे २०२३ पासून तेथे 'डॉइशलांट तिकीट' नावाचा मासिक पास मिळतो. सुरुवातीला तो ४९ युरोंना होता, २०२६ पासून ६३ युरो झाला. त्यावर देशभरच्या प्रादेशिक गाड्या, ट्राम व शहर बस चालतात, आय.सी.ई. मात्र चालत नाही.

तेथील रेल्वे स्थानकांवर तिकीट तपासणारे फाटक नसते. कोणीही थेट फलाटावर जातो. तपासनीस गाडीत येतो आणि शहर वाहतुकीत व प्रादेशिक गाड्यांत विनातिकीट प्रवाशाला निदान ६० युरो दंड होतो. काही शहरांत कागदी तिकिटावर यंत्राने शिक्का मारून घ्यावा लागतो. शिक्का नसलेले तिकीट असून नसल्यासारखेच.

नवख्या माणसाची फसगत होते ती नावांत. म्युनिकच्या पाटीवर 'म्युन्शेन' असते, कलोनच्या पाटीवर 'क्योल्न'. आपल्या मुलांना हे जड जाऊ नये. पेडण्याचे पेर्नेम आणि डिचोलीचे बिचोलिम ती रोजच वाचतात. फ्रँकफर्ट तर दोन आहेत, एक माइन नदीवर, दुसरे पोलंडच्या सीमेजवळ ओडर नदीवर. शिवाय काही गाड्या वाटेत दुभंगतात. बर्लिनहून निघालेली आय.सी.ई. हाम स्थानकावर दोन भागांत विभागून वेगवेगळ्या मार्गांनी जाते. म्हणून गाडीबरोबरच आपला डबा कोठे जाणार हेही पाटीवर पाहावे.

जर्मन गाड्या घड्याळाच्या काट्यावर चालतात, हा समज आता जुना झाला. २०२४ साली लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी ६२.५ टक्केच वेळेवर पोहोचल्या. तासभर उशीर झाल्यास भाड्याचा चौथा भाग परत मिळतो, दोन तास झाल्यास निम्मा. अडचण आपल्यालाही नवी नाही. पेडण्याच्या बोगद्याची भिंत ऑगस्ट २०२० मध्ये कोसळली, जुलै २०२४ मध्ये बोगद्यात पाणी शिरले. दोन्ही वेळा गाड्या दूरच्या मार्गाने वळवाव्या लागल्या. एकट्या प्रवाशाने पुढची गाडी कोणती, हे आधीच टिपून ठेवावे.

आता मुलींविषयी. १८९४ साली बर्लिनमध्ये 'बानहोफ्समिसिऑन' नावाची सेवा सुरू झाली. खेड्यांतून कामासाठी शहरात एकट्या उतरणाऱ्या तरुण मुलींना कोणी फसवू नये, हा तिचा हेतू होता. म्हणजे आपल्या पालकांना आज वाटणारी काळजी तेथील लोकांनाही होती. त्यांनी मुलींना घरी बसवले नाही, स्थानकावर मदतीची सोय केली. आज सुमारे शंभर स्थानकांवर ही सेवा कोणत्याही प्रवाशाला मोफत मदत करते. आपल्या इरावती कर्वे यांनी बर्लिनला जाऊन १९३० साली डॉक्टरेट मिळवली. तेव्हा खुशालीचे पत्र बोटीने येई. आज फोन आहे, आणि संकटात ११२ हा क्रमांक तेथेही चालतो, येथेही.

एकट्याने प्रवास करणे ही सवय आहे, आणि ती विमानतळावर लागत नाही. पालकांना आमची विनंती आहे की, नववी-दहावीच्या मुलामुलींना सुटीत पेडणे किंवा थिवीहून मडगावपर्यंत जाऊ द्यावे. तुम्ही त्याच डब्यात बसा, पण वेळापत्रक पाहणे, तिकीट काढणे, फलाट शोधणे, पुढचे स्थानक ओळखणे ही सारी कामे त्यांना करू द्या. चुकले तरी लगेच सांगू नका. पुढच्या वेळी शेजारच्या डब्यात बसा. त्यानंतर मडगावच्या फलाटावर वाट पाहा.