बटाई की खंड?

बँकेतून निवृत्त झाल्यावर माणसं मला माझ्या कादंबऱ्यांबद्दल विचारतील, अशी माझी भाबडी समजूत होती. विचारतात ते व्याजदर! परवा अंबाजोगाईहून माझी मावसबहीण आली. शिक्षिका म्हणून निवृत्त झालेली. पिशवीतून दोन रंगीत पत्रकं काढून तिनं पुढं ठेवली. एक फंड जपानी कंपन्यांच्या शेअर्सचा, दुसरा आपल्याकडच्या कंपन्यांच्या कर्जरोख्यांचा.

"दादा, यातला चांगला कोणता?"

तिच्या ग्रॅच्युइटीतले काही पैसे एका मल्टिस्टेट पतसंस्थेत अडकलेले. बीड जिल्ह्यात अशी घरं थोडी नाहीत. उरलेत सहा लाख. आवाजात धास्ती होती ती त्यामुळं.

मी शेतावरूनच सुरुवात केली. रान बटाईनं दिलं तर पिकेल त्यात वाटा; पाऊस रुसला तर हात हलवत परत. हा झाला शेअर. खंडानं दिलं तर पीक कितीही येवो, ठरलेली रक्कम. हा कर्जरोखा. आणि एकाच देशाचा फंड म्हणजे सगळं रान एकाच शिवारात! टोकियोचा निक्केई निर्देशांक 1989च्या डिसेंबरअखेर 38,915 वर बंद झाला. ती पातळी ओलांडायला 2024चा फेब्रुवारी उजाडला. मधल्या काळात लाभांश मिळाला असेल, पण चौतीस वर्षं म्हणजे एका माणसाची अख्खी नोकरी. त्यात येनचा भाव घसरला, की शेअर चढूनही आपल्या हाती रुपये कमी.

"मग रोख्यांचाच बरा," ती म्हणाली.

इथं माझ्यातला बँकवाला जागा झाला. खंड ठरला खरा, पण कूळच बुडालं तर? शिवाय आपल्याकडं आठ टक्क्यांचा रोखा असताना बाजारात नऊ टक्क्यांचा आला, तर आपला पुऱ्या किमतीला कोण घेणार? फंडाचं मूल्य तेवढं उतरतं. 23 एप्रिल 2020 रोजी, टाळेबंदीत, फ्रँकलिन टेम्पल्टननं रोख्यांच्या सहा योजना गुंडाळल्या. लोक पैसे मागत होते आणि कमी पतीच्या रोख्यांना गिऱ्हाईक नव्हतं. 25 हजार कोटींहून अधिक रक्कम अडकली. पैसे परत मिळाले, नाही असं नाही. पण पहिला हप्ता हाती यायला 2021चा फेब्रुवारी लागला. ज्याच्या घरी त्या वर्षी लग्न होतं, त्यानं काय करावं?

"तुला हे पैसे लागणार कधी?" मी विचारलं. खरं तर हे आधी विचारायला हवं होतं.

"पुढच्या दिवाळीनंतर. घराचा स्लॅब टाकायचाय."

मी दोन्ही पत्रकं मिटली. बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा असतो, फंडाला नसतो. तेव्हा तीन-तीन लाख दोन बँकांत, वर्षाच्या मुदतीनं ठेव, म्हटलं. जपानचं स्लॅब पडल्यावर बघू.

ती हसली. पत्रकं पुन्हा पिशवीत घालत म्हणाली, "एका बाजूनं कोरी आहेत. सिमेंट-सळईचा हिशोब लिहायला होतील."