निळा पडदा दिसला की बरं वाटतं

सकाळी ९:३०. टेबलावर आय.एमएक्स६ प्रोसेसरचा बोर्ड आणि त्यावर एडीव्ही७१८० हा व्हिडिओ डिकोडर. गाडीच्या मागच्या कॅमेऱ्याचा अॅनालॉग सिग्नल घ्यायचा आणि आठ तारांवरून डिजिटल करून प्रोसेसरला द्यायचा, एवढंच त्याचं काम. घड्याळ २७ मेगाहर्ट्झचं. बीटी.६५६ पद्धतीत ओळ कुठे सुरू झाली, कुठे संपली याच्या खुणा डेटातच येतात, म्हणून डिव्हाइस ट्रीमध्ये सिंकच्या पिनांचा उल्लेखच करायचा नाही. केला, की कर्नल ती साधी पॅरलल बस समजतो.

१०:१५. बूट लॉगमध्ये तक्रार: सीएसआय०_डीएटी१२ हा पॅड २१एफ०००० या पत्त्यावरच्या सिरियलने आधीच घेतलाय. म्हणजे यूएआरटी४. या प्रोसेसरवर एकेका पॅडला अनेक कामं असतात. हाच पॅड कॅमेऱ्याचा डेटा, हाच यूएआरटी४चा टीएक्स, हाच जीपीआयओ. आठ बिटांचा डेटा १२ ते १९ याच पॅडांवर येतो, तेव्हा हलायचं तर यूएआरटीनेच. स्किमॅटिक उघडलं, तर यूएआरटी४वरचा जीपीएस मुळातच की_कॉल० आणि की_रो०वर जोडलेला. दुसऱ्या बोर्डाची डिव्हाइस ट्री फाइल जशीच्या तशी उचलल्याचा हा प्रसाद! दोन ओळी बदलल्या, तक्रार गेली.

दुपारी १२. मीडिया-सीटीएलने डिकोडर, मक्स, सीएसआय असे दुवे जोडले. चित्र आलं: अख्खा पडदा निळा.

नवखी मंडळी इथे हिरमुसतात. मला तर हायसं वाटलं. सिग्नल मिळाला नाही की हा डिकोडर स्वतःच निळा रंग पाठवतो. तो पडद्यावर दिसतोय, म्हणजे आठही तारा, घड्याळ, पॅड सगळं जागेवर आहे. घोळ अलीकडे नाही, डिकोडरच्या पलीकडे, अॅनालॉग बाजूला आहे.

१:३०. डबा.

२:१५. हार्डवेअरवाल्याला विचारलं, "कॅमेरा कुठल्या इनपुटवर आहे रे?"
"एआयएन३. लिहिलंय की."
ड्रायव्हर सुरुवातीला एआयएन१ धरतो, त्यामुळे निळा पडदा साहजिकच. शून्य क्रमांकाच्या रजिस्टरमध्ये २ लिहिलं. निळाच. डेटाशीट पुन्हा नीट वाचली. ६४ पायांच्या चिपला सहा इनपुट, आकडे ओळीने ० ते ५. आमची ४० पायांची. तिला इनपुट तीनच आणि आकडे ०, ३, ४. एआयएन३ म्हणजे ४. आयटूसीसेटने ४ लिहिताच पार्किंगमधली भिंत पडद्यावर!

पॅडांची भांडणं कर्नल ओरडून सांगतो. डिकोडरच्या इनपुटबद्दल मात्र तो चकार शब्द काढत नाही. त्याला २ आणि ४ दोन्ही सारखेच वैध.

५:००. सुरुवातीचं इनपुट ड्रायव्हरमध्ये बदलून पॅच पाठवला. हार्डवेअरवाल्यांना एकच विनंती: स्किमॅटिकवर चिपच्या नावाशेजारी ती किती पायांची, तेही लिहा.