उत्तरेचा उन्हाळा, सोलापूरचा जोंधळा

गुढीपाडव्याच्या आदल्या संध्याकाळी सोलापुरात सात रस्त्यावर कडुनिंबाचे डहाळे घेऊन बसलेल्या बाईकडे दोन तऱ्हेची गिऱ्हाइकं येतात. मराठी घरांना गुढीला बांधायला पाला हवा असतो; कोवळा असो की जून, चालतो. तेलुगू घरांना मात्र फुलोरा लागतो, कारण उगादीच्या पच्चडीतला कडवटपणा निंबाच्या फुलाचा. २०२३ साली पाडवा २२ मार्चला आला, २०२४ मध्ये ९ एप्रिलला. तिथी चंद्रावर चालते, झाडाला तिचं सोयरसुतक नाही. त्यामुळे एखाद्या वर्षी फुलोरा भरभरून मिळतो, एखाद्या वर्षी नुसत्या कळ्यांवर भागवावं लागतं. त्या बाईला आजचा निंब आणि गेल्या पाडव्याचा निंब यांतला फरक तोंडपाठ असतो. तिनं कधी वही ठेवलेली नाही, इतकंच.

अशी वही ठेवण्याची हौस उत्तरेकडच्या देशांत फार जुनी. इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यात रॉबर्ट मार्शम नावाच्या जमीनदारानं १७३६ पासून पहिलं फूल, पहिलं पान, पहिला कोकिळ यांच्या तारखा टिपायला घेतल्या आणि त्याच्या वंशजांनी त्या १९५८ पर्यंत चालवल्या. जपानात क्योटोच्या चेरीच्या बहराच्या नोंदी तर दरबारी रोजनिशांतून नवव्या शतकापर्यंत मागं जातात. २०२१ मध्ये तिथला पूर्ण बहर २६ मार्चला आला, बाराशे वर्षांत इतक्या लवकर आल्याची नोंद नव्हती. त्या मुलखात झाड थंडीनं झोपतं आणि ऊब आली की उठतं. वसंत लवकर आला की लांबला, हा तिथला मोठा प्रश्न.

हा हिशेब सोलापुरात लावायला गेलं की फसगत होते. आपल्याकडे झाडाचा वैरी थंडी नव्हे, तहान. आणि तरीही पिंपळ, करंज, कडुनिंब यांना नवी पालवी फुटते ती ऐन उन्हाच्या तोंडावर, पावसाला दोन-तीन महिने बाकी असताना. टँकरच्या दिवसांत झाड नवे कपडे शिवतं! १९९३ साली मुदुमलाईच्या पानगळी जंगलातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लवकर पालवणाऱ्या झाडांची पानं किड्यांनी कमी खाल्ल्याचं त्यात दिसलं. पाऊस पडला की अळ्या-किड्यांचं पेव फुटतं. तोवर पान जून, चिवट झालेलं बरं. खोल मुळांच्या झाडालाच हा धंदा परवडतो, हेही खरं.

पावसाचंही इथं वेगळं तंत्र. कोकणात जुलै गाजतो, सोलापुरात सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबरचा. म्हणून इथल्या जुन्या शेतकऱ्याचा जीव मृगापेक्षा उत्तरा-हस्तात अडकलेला. मृगाला पावशा ओरडतो, लाल मखमली मृगकिडे निघतात, सगळं खरं. पण जोंधळा पेरायचा तो सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. सण चंद्रावर नि पेरणी सूर्याच्या नक्षत्रावर, ही वाटणी मला पंचांगातली सगळ्यात शहाणी गोष्ट वाटते. पाडवा अठरा दिवस सरकला तरी उत्तरा नक्षत्र दरवर्षी सप्टेंबरातच येतं.

या जोंधळ्याची गंमत अशी की तो स्वतःही सूर्य मोजतो. मोहोळच्या संशोधन केंद्रातून निवडलेली मालदांडी घ्या किंवा २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेली मंगळवेढ्याची ज्वारी. काळ्या रानात साठलेल्या ओलीवर ती वाढते आणि दिवस लहान होत गेले की पोटरीत येते. आता नकाशावर उत्तरेला जाऊ. कझाकस्तानच्या गवताळ मैदानात माँटेग्यूचा भोवत्या नावाचा शिकारी पक्षी वीण आटोपून बसलेला असतो. त्यालाही तेच पत्र येतं: दिवस आखडायला लागला, निघा. भारतात उपग्रह-टॅग बसवलेले भोवते कझाकस्तानात पोचल्याचं दिसलं आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरात ते आपल्या माळरानांवर येतात, दिवसभर नाकतोडे टिपतात आणि रात्री गवतात जमिनीवरच थव्यानं झोपतात. मंगळवेढ्याचं कणीस आणि कझाकस्तानचा पक्षी एकाच घड्याळाकडे बघतात. त्या घड्याळाशी बांधलेला नाही तो फक्त पाऊस. तो लांबला की पेरणी लांबते, कणीस मागं पडतं. पाहुणे मात्र आपल्या वेळेला हजर.

पाहुण्यांत सगळ्यात गलबल्या म्हणजे भोरड्या. पुस्तकी नाव गुलाबी मैना किंवा पळस मैना. शेतात विचाराल तर भोरड्याच. काळं डोकं, काळे पंख, मधे गुलाबी अंग. पूर्व युरोपपासून मध्य आशियापर्यंत, टोळ-नाकतोडे माजतील तिथं मे-जूनमध्ये हजारोंनी वसाहत करून पिलं काढायची आणि लगेच दक्षिणेची वाट धरायची. पाऊस संपायच्या आतच पहिले थवे दख्खनवर दिसू लागतात. तिकडे किडे खाऊन पुण्य जोडणारा हा पक्षी इकडे दुधात आलेल्या कणसावर उतरतो. वेळा अमावस्येला, म्हणजे आमच्या येळवसीला, लोक आंबील-भज्जी घेऊन रानात जातात तेव्हा जोंधळा डोक्याइतका असतो आणि आभाळात भोरड्यांचा ढग गिरक्या घेत असतो. सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेच्या सुमाराला हुरडा येतो, आणि त्यात माणसाचा वाटा किती नि पाखरांचा किती, हे माळ्यावर गोफण घेऊन उभ्या पोरावर ठरतं. निदान ठरायचं. आता राखणीला पोरं मिळत नाहीत, जोंधळ्याच्या जागी ऊस आला, आणि गोफणीबरोबर पाखरांच्या तारखाही विसरल्या गेल्या. त्या पोराला भोरड्या कधी आल्या नि कधी गेल्या हे विचारायची कुणाला गरजच वाटली नाही, आणि आता आपण हवामानबदलाच्या परिसंवादात जुन्या नोंदी शोधत बसतो.

हिप्परगा तलावावर हिवाळ्यात पट्टकादंब हंस उतरतात; मंगोलिया-तिबेटकडचे हे पक्षी हिमालय ओलांडताना ७,००० मीटरच्याही वर नोंदले गेलेत. उजनीच्या फुगवट्यावर रोहित येतात. त्यांच्यावर फोटोवाल्यांची भरपूर कृपा आहे, म्हणून मी इथं थांबत नाही. नान्नजला मात्र थांबावं लागतं. १९७९ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झालं, क्षेत्र तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर. पुढे ते सुमारे १,२२२ वर आणलं गेलं. पावसाळ्यात गळ्याची पिशवी फुगवून नराचं नाचणं हा या माळाचा एक ऋतूच होता. काळवीट आहेत, लांडगा आहे, भोवते येतात. तो ऋतू मात्र आता वाट पाहूनही दिसत नाही.

सोलापुरातच ५ नोव्हेंबर १९३२ रोजी मारुती चितमपल्ली जन्मले आणि १८ जून २०२५ रोजी इथंच गेले. २००६ च्या सोलापूर साहित्य संमेलनाचे तेच अध्यक्ष होते. वनखात्यात उमर घालवलेल्या या माणसानं आदिवासी, पारधी, कोळी यांच्या तोंडून पाखरांची नावं गोळा केली आणि मराठीला कावळ्यांच्या वसाहतीसाठी काकागार, बगळ्यांच्या वसाहतीसाठी सारंगागार असे शब्द दिले. कावळ्याचं घरटं कुठल्या बाजूला, यावरून पाऊस सांगण्याची लोकश्रद्धाही त्यांनीच घरोघरी पोचवली. माझा त्यावर विश्वास नाही. पण तो आडाखा तपासायचा म्हणून तरी मी कावळ्याची घरटी बघायला लागलो, हे कबूल करायला हवं.

तपासणं अवघड नाही. २०१० पासून देशात ‘सीझनवॉच’ नावाचा उपक्रम चालतो: एक झाड निवडा, दर आठवड्याला तेच बघा, पालवी-कळी-फूल-फळ किती ते नोंदवा. केरळातली शाळकरी मुलं यात फार पुढं आहेत. माझं झाड सात रस्त्याजवळच्या गल्लीतला कडुनिंब. शेजारच्या गच्चीवर करडा धोबी शेपूट हलवत उतरला की मी वहीत हिवाळा सुरू करतो, मग बाहेर ऑक्टोबर हीटनं घामाच्या धारा का लागेनात.

कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्यावर एक म्हातारबा बसतात. लहानपणी त्यांनी मंगळवेढ्याकडे जोंधळा राखलेला. परवा एप्रिलात त्यांना विचारलं, “बाबा, भोरड्या गेल्या का हो?” त्यांनी बशीतला चहा संपवला, निंबाकडे बघितलं आणि म्हणाले, “गेल्या की. पळसाची फुलं झडली तवाच गेल्या. तुमी आता लिवताव व्हय?” मी तारीख खोडली आणि दोन आठवडे मागची घातली, पुढे कंसात लिहिलं: ऐकीव.